चाल तीच, पट्टी दुसरी

३ फेब्रुवारी, मंगळवार

खडू,

अक्षर ओळखलं असशीलच. पाकीट फाडून टाकायच्या आधी एवढं वाच: मी माफी मागायला लिहीत नाहीये. आजारी नाही, कुणी घराबाहेर काढलेलं नाही, कसली मदत नको. पत्ता तुझ्या मामाकडून काढला. तो देत नव्हता. पण माझा धाकटा भाऊ आहे तो, त्याच्याकडून काय कसं काढायचं ते मला तो रांगायचा तेव्हापासून माहीत आहे. त्याच्यावर चिडू नकोस.

लिहायचं कारण एवढंच, की दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. मी पियानो शिकते आहे.

हस. हसून झालं की पुढे वाच.

दीड वर्ष झालं. हॉस्पिटलच्या जेवणघरातला तो जुना पियानो, ज्यावर तू शिकलीस, तो काढून टाकायचं ठरलं. पियानो दुरुस्त करणारा एक तरुण बघायला आला. त्याने झाकण उघडलं, चार पट्ट्या दाबल्या आणि म्हणाला, "भंगार." मी चादरींची गाडी ढकलत दारातून चालले होते. म्हटलं, "भंगार कसा? मधली ती एक उतरलीये आणि तिच्या वरच्या दोन. बाकी जागच्या जागी आहे." त्याने परत एकेक दाबून बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

"मावशी, तुम्ही वाजवता?"

"मी चादरी धुते," म्हटलं. "पण ऐकू येतं मला."

पियानो माझ्या घरी आला. जिन्यातून चढवायला सहा माणसं लागली आणि दाराची चौकट उखडावी लागली. खालच्या मजल्यावरची बाई कंबरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "हे काय, आता या वयात?" म्हटलं, "मग कुठल्या वयात? आधीच्या सगळ्या वयांत मला कामं होती."

तोच तरुण मला शिकवतो. अठ्ठावीस वर्षांचा आहे, तरी मी त्याला मास्तर म्हणते. शिकवणाऱ्याचं वय बघत बसलं तर शिकायचं कधी? गेल्या आठवड्यात त्याने विचारलं, आता काय वाजवायचंय. मी सांगितलं, सी मेजरमधला तो सोपा सोनाटा. तोच. संगीत विद्यालयाच्या निवडीच्या दिवशी, सोळा वर्षांची असताना, तू तीन परीक्षकांसमोर वाजवत होतीस आणि मध्येच थांबलीस, तो.

तू थांबलीस. तू विसरलीस आणि थांबलीस आणि तुझी जागा गेली. बावीस वर्षं मी हेच सांगत आलेय आणि आजही सांगते. फरक एवढाच, की आता तो मी शेवटपर्यंत वाजवणार आहे.

आई


१९ फेब्रुवारी, गुरुवार

खडू,

तुझं उत्तर मिळालं. "कृपया यापुढे पत्रे पाठवू नयेत." छापलेलं. खाली सहीसुद्धा नाही. मी ते तीनदा वाचलं, कारण एवढं कमी वाचून माझं पोट भरत नाही. आईला "नयेत"! लहानपणी तुला मोठ्यांशी नीट बोलायला शिकवता शिकवता माझ्या नाकी नऊ आले होते, ते इतक्या उशिरा फळाला आलं म्हणायचं.

तुला वाचायचं नसेल तर वाचू नकोस. लिहायचं की नाही ते मी ठरवणार. पोस्टाची पेटी माझ्या कामाच्या वाटेवर आहे.

मास्तरने आज सोनाट्याचा पहिला भाग कसा बांधलेला असतो ते सांगितलं. लॉन्ड्रीच्या पावतीच्या मागे त्याने तीन चौकोन काढले. म्हणाला, "मावशी, ही दोन चालींची गोष्ट आहे. पहिली चाल आपल्या घरातली, म्हणजे सी. मग जरा पळापळ होते आणि दुसरी चाल येते ती शेजारच्या घरात, म्हणजे जी मेजरमध्ये. इथे पहिला चौकोन संपला. ही झाली मांडणी."

"आणि दुसऱ्या चौकोनात?"

"तिथे मोडतोड. सूर भलत्याच घरांत भटकून येतात. मग तिसऱ्यात दोन्ही चाली परततात. पण या खेपेला दुसरीसुद्धा सी मध्येच, पहिलीच्या घरी."

"म्हणजे शेजारीण कायमची राहायला आली," म्हटलं. तो इतका हसला की पेन्सिल खाली पडली.

तुला हे सगळं माहीत आहे. तू आता हेच मुलांना शिकवतेस असं मामा सांगत होता. मला मात्र आज पहिल्यांदा कळलं, की मी इतकी वर्षं ज्याला नुसता आवाज समजत होते त्याला खोल्या आहेत, दारं आहेत, वर जायचा जिना आहे.

आणि याला "सोपा" कुणी म्हटलं त्याला माझ्यासमोर बसवा. डावा हात बरा चालतो. खाली, वर, मध्ये, वर, एकदा लय लागली की सुटत नाही. पण पहिल्या चालीनंतर उजव्या हाताची ती धावाधाव सुरू होते ना, एकामागोमाग सगळे सूर चढायचे आणि उतरायचे, तिथे माझी दाणादाण उडते. वर चढताना अंगठा लवकर आत घालून वेळ मारून नेते. उतरताना करंगळीवरून थेट मधल्या बोटावर उडी पडते आणि एक सूर गळतो. चौथं बोट आळशी आहे. होईल सरळ.

आई


२२ मार्च, रविवार

खडू,

आज धडा अर्धा टाकून उठले. मास्तरला सांगितलं, डोकं दुखतंय. दुखत नव्हतं.

मांडणी झाली. मधल्या मोडतोडीत महिना गेला, तीही झाली. आज तिसरा चौकोन. पहिली चाल परत येते तिथे मी हात ठेवले आणि सी वरून सुरू केलं. मास्तर म्हणाला, "नाही मावशी, एफ वरून."

"का? चाल तर तीच आहे."

"चाल तीच, पट्टी दुसरी. नेहमी ती आपल्या घरी परतते, सी मध्ये. पण या सोनाट्यात ती आधी एफ मध्ये येते आणि मग हळूहळू घरी पोचते. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, वाजवणारा चुकला."

मी म्हटलं, "छापणाऱ्याची चूक आहे."

"नाही हो."

"आहे. दुसरं पुस्तक आण."

बिचारा खरंच गेला. दुपारी परत आला तो तीन वेगवेगळ्या छापाची पुस्तकं घेऊन. एक तर इतकं जुनं, की पानं हातात येत होती. पियानोवर तिन्ही ओळीने उघडी ठेवली आणि तिन्हींत त्या जागेवर बोट ठेवलं. एफ. एफ. एफ.

मी खिडकी बंद केली, मग परत उघडली. मग म्हटलं, डोकं दुखतंय.

पुस्तक चुकलेलं नाही. आज एवढंच लिहिते.

आई


११ एप्रिल, शनिवार

खडू,

तीन आठवडे मी पियानोचं झाकण उघडलं नाही. खालच्या मजल्यावरची बाई वर येऊन विचारून गेली, बऱ्या आहात ना. माझ्या वाजवण्यापेक्षा माझ्या गप्प राहण्याची तिला जास्त धास्ती वाटली.

आता नीट लिहिते. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, आणि स्वतःलाही सांगायची टाळाटाळ केली.

तू हॉस्पिटलच्या जेवणघरात पहाटेच्या पाळीआधी वाजवायला बसायचीस. सहा ते सात. मी भिंतीपलीकडे लॉन्ड्रीत कपडे वेगळे करायचे. साडेसहाला मशीन सुरू व्हायची, आणि ती सुरू झाली की शेजारी बाँब फुटला तरी कळलं नसतं. तू रोज पहिल्यापासून सुरू करायचीस आणि अडलीस की परत पहिल्यापासून. म्हणजे रोज माझ्या कानावर पहिलाच चौकोन पडायचा. तो मला तुझ्याइतकाच पाठ होता. कुठे सूर चुकला की मी भिंतीवर इस्त्रीच्या मुठीने ठकठक करायचे आणि तू ते परत घ्यायचीस. मला त्याचा केवढा अभिमान होता! चादरी धुणारी बाई, पण भिंतीतून चूक पकडते. पुढचे दोन चौकोन मी कधी ऐकलेच नव्हते. ते आहेत हेही मला माहीत नव्हतं.

निवडीच्या दिवशी मी तिसऱ्या रांगेत होते. तू सुरेख वाजवत होतीस. मधला भाग आला तेव्हा मला वाटलं, ही काय नवीनच वाजवतेय. आणि मग आपली पहिली चाल आली ती भलत्याच पट्टीवरून. माझा हात उठला. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठकठक केलं आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले, "चुकलं. परत घे."

तू हात उचललेस. परीक्षकांकडे नाही, माझ्याकडे बघितलंस. त्यांच्यातल्या बाई म्हणाल्या, "ठीक आहे, पुढे चला." तू बसून राहिलीस. त्या परत म्हणाल्या. मग तू उठलीस आणि बाजूच्या दाराने बाहेर गेलीस. परतीच्या बसमध्ये तू एकदाच म्हणालीस, "आई, ते तसंच आहे." आणि मी म्हणाले, "मला शिकवू नकोस."

इतपत तुला ठाऊकच आहे. तू अशी निघून जायला हेच पुरेसं होतं. आता जे तुला ठाऊक नाही ते.

मी ठकठक करायच्या आधी परीक्षकांकडे बघितलं होतं. मधले गृहस्थ पुस्तकात बोट फिरवत मान डोलावत होते. त्यांची पेन्सिल टेबलावर तशीच पडून होती. एवढी मोठी चूक झाली आणि त्यांना पत्ताच नाही, असं कसं होईल? हा विचार माझ्या मनात आला. आधी आला. मग मी हात उचलला.

आणि आणखी एक. तू चुकलीस असं वाटलं तेव्हा मला आत कुठेतरी हायसं वाटलं. ते विद्यालय नऊ तासांवर होतं. तुझे बाबा जाऊन चार वर्षं झाली होती. घरात दोन ताटं, दोन खुर्च्या, बोलायला तू एक. तुझी निवड झाली असती तर एक ताट उरलं असतं. मी काही ठरवून आले नव्हते, हे खरं. पण हायसं वाटलं, हेही तितकंच खरं आहे. त्यानंतर "पोरगी ऐन वेळी चुकली" हे मी इतक्या जणांना सांगितलं, की मलाच ते घडलेलं वाटायला लागलं. तीन वर्षांनी तू निघून गेलीस आणि एक ताट उरायचं ते उरलंच.

तू चुकली नव्हतीस. मी चुकले.

आता वाट बघू नकोस, माफी मागत नाहीये. माफी मागितली की तुला काहीतरी म्हणावं लागतं, हो तरी नाहीतर नाही तरी, आणि नाही म्हटलं की परत तूच वाईट. ते मी तुझ्या गळ्यात घालणार नाही. जे खरं आहे ते लिहिलं.

उद्या झाकण उघडणार आहे. मास्तरला निरोप दिलाय, एफ वरून सुरू करू.

आई


९ मे, शनिवार

खडू,

भांडले. खूप दिवसांनी असं चांगलं भांडण झालं.

मास्तर ज्या संगीत केंद्रात शिकवतो तिथे माझं नाव घातलेलं आहे. तिथे दर जूनमध्ये विद्यार्थ्यांचा कार्यक्रम असतो. मी मास्तरला म्हटलं, माझं नाव दे. तो चाचरला. म्हणाला, "मॅडमना विचारावं लागेल." म्हटलं, "मीच विचारते."

केंद्राच्या मॅडम गोड बोलतात. अगदी साखरेत घोळवून नाही म्हणतात. "तुमचं कौतुकच आहे हो, पण हा मुलांचा कार्यक्रम. सोळा वर्षांपर्यंतचा."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं असं नाही, पण पद्धत आहे."

मी भिंतीवरचं पत्रक वाचून दाखवलं. "'केंद्रातील विद्यार्थ्यांचे वादन.' मी केंद्रातील आहे, हजेरीपटात माझं नाव आहे, आणि मला अजून नीट येत नाही म्हणजे विद्यार्थी तर नक्कीच आहे."

"अहो, पण मुलं हसतील. तुम्हालाच वाईट वाटेल."

"मॅडम," म्हटलं, "मी बत्तीस वर्षं हॉस्पिटलचे कपडे धुतेय. त्यावर काय काय असतं ते तुम्हाला सांगत नाही, तुम्हाला जेवायचं असेल. मुलांच्या हसण्याने माझं काय बिघडणार आहे?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. चार मिनिटं दिली. मांडणी एकदाच वाजवायची, ती परत घ्यायची नाही. कार्यक्रमात सगळ्यात शेवटी, म्हणजे कंटाळलेले पालक तोवर निघून गेलेले असतील. आणि भाषण अजिबात नाही, असं बजावलं, कारण मी म्हणाले होते की वाजवायच्या आधी मला दोन वाक्यं बोलायची आहेत.

तुझा मामा म्हणतो, माझं डोकं फिरलंय. "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "तू ये आणि ऐक काय म्हणतात ते. मग मला सांग." पहिल्या रांगेत ये म्हणून सांगितलंय.

लॉन्ड्रीतल्या बायकांनी माझी दुपारची पाळी वाटून घेतलीये, म्हणजे मला सराव करता येतो. एकीने विचारलं, "बाई, त्यात गाणं असतं का?" म्हटलं, नाही. "मग कळणार कसं?" म्हटलं, "मलाही बावीस वर्षं लागली."

कार्यक्रम तेरा जूनला, संध्याकाळी पाच वाजता. तुला ये म्हणत नाही. तारीख कळवली एवढंच.

आई


१४ जून, रविवार

खडू,

झालं.

तू आली नव्हतीस. मी दाराकडे बघत नव्हते, पण दार माझ्या समोरच होतं त्याला मी काय करणार.

सोळा मुलं झाली. छान वाजवतात, पण तोंडं अशी करतात जणू इंजेक्शन घ्यायला बसलीत. मग माझं नाव. कुणी हसलं नाही. मुलं दमली होती आणि मोठे घड्याळ बघत होते. मी स्टुलावर बसले नाही. पियानोला टेकून उभी राहिले. मॅडम कोपऱ्यातून हलक्या आवाजात म्हणाल्या, "वाजवा, वाजवा."

मी म्हणाले, "वाजवते. आधी दोन वाक्यं. बावीस वर्षांपूर्वी माझ्या मुलीने हाच सोनाटा परीक्षकांसमोर वाजवला. मी मधेच उठून सगळ्यांदेखत म्हणाले, चुकलं. ती चुकली नव्हती. मला येत नव्हतं. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगत आले, की ती चुकली. ते खोटं होतं."

ती दोन वाक्यं नव्हती, सहा होती. मॅडमनी मोजली असतील.

"पहिली चाल मध्ये परत येते ती वेगळ्या पट्टीवरून येते," मी म्हणाले. "ती तशीच आहे. तिथे कुणी उठू नका."

मग बसले आणि वाजवलं.

कसं झालं ते तुला खरं सांगते, कारण तुला ऐकून कळलंच असतं. मांडणी बरी झाली. धावाधावीत तीन सूर गळाले, करंगळीनंतरचे, नेहमीचेच. मास्तर मनगट सरळ ठेवा म्हणतो, पण सरळ ठेवलं की तो हात आणखीच अडतो, म्हणून मी बाहेरच्या बाजूला कलता धरते. दुसरी चाल चांगली झाली, ती मला आवडते. मोडतोडीत डावा हात हरवला. पूर्ण हरवला. एका क्षणी दोन्ही हात पट्ट्यांवर होते आणि मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. हॉलमध्ये कुणीतरी खोकलं. तेव्हा कळलं, खडू, तिथे बसलेल्या माणसाला एवढासा आवाज केवढा मोठा वाटतो.

उजव्या हाताने पुढचं आठवलं, डावा मागून आला. आणि मग एफ. मी तो जोरात वाजवला, हवा त्यापेक्षा जोरात. मास्तर नंतर म्हणाला, तिथे हळू लिहिलंय. म्हटलं, माहीत आहे.

शेवटपर्यंत गेले. दुसरी चाल सी मध्ये आली, शेवटचे सूर वाजले, हात मांडीवर ठेवले. टाळ्या झाल्या, होतात तशा.

तुझा मामा बाहेर पायऱ्यांवर उभा होता. म्हणाला, "मला इतकी वर्षं खोटं सांगितलंस?"

"हो."

"त्यावरून मी पोरीला किती वेळा सुनावलं. फोनवर. तिच्या घरी जाऊन. आईला दोष देतेस म्हणून."

"माहीत आहे. म्हणूनच तुला पहिल्या रांगेत बसवलं."

तो म्हणाला, "तू म्हणजे ना..." बसस्टॉपपर्यंत माझी पिशवी मात्र त्यानेच धरली. तो तुला फोन करेल. करू दे. त्याचं त्याच्यापाशी.

बाकी सगळ्यांनाही सांगणार आहे. लॉन्ड्रीत, आपल्या जुन्या गल्लीत, तुझ्या शाळेतल्या बाईंना. एकेकाला गाठून. सांगत फिरायची मला सवय आहेच.

आई


३० जून, मंगळवार

खडू,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर होतं म्हणून जिन्यातच उघडलं. आत एकच ओळ. "तुझं चौथं बोट कधीपासून वाकत नाही?"

"तुझं" लिहिलंस.

मी पायरीवर बसले. खालच्या मजल्यावरची बाई पाणी घेऊन आली, तिला वाटलं काहीतरी वाईट बातमी आहे. म्हटलं, नाही, प्रश्न आलाय. तिला काही कळलं नाही.

मास्तरला ते पहिल्याच दिवशी दिसलं, कारण तो हातापाशी बसतो. तुला न बघता कळलं. अंगठा लवकर आत, करंगळीवरून उडी, मनगट कलतं. मी लिहीत गेले आणि तू तिकडे बसून जुळवत गेलीस. म्हणजे सगळी पत्रं वाचलीस तर.

सतरा वर्षं झाली. तू जाऊन दोन वर्षं झाली होती. चादरींना इस्त्री करणारा तो मोठा रोलर आठवतो ना, त्यात चादरीचा कोपरा दुमडला. मशीन न थांबवता हाताने सरळ करायला गेले. चूक माझीच. उजवा हात, करंगळीशेजारचं बोट. ते काढून टाकावं लागेल म्हणत होते, मी म्हटलं राहू द्या, शोभेला तरी होईल. राहिलं. वाकत नाही, थंडीत ठणकतं, बाकी काही त्रास नाही. कामाला मी अकराव्या दिवशी परत गेले.

दाखल करताना एक फॉर्म भरायचा होता. जवळची व्यक्ती. मी तुझं नाव सांगितलं. नर्सने पत्ता विचारला. म्हटलं, माहीत नाही. ती म्हणाली, मग दुसऱ्या कुणाचं लिहू या, भावाचं वगैरे. म्हटलं, नको, आहे तेच राहू दे. पत्त्याची जागा कोरी राहिली.

तुला कळवायचा मार्ग मी काढला असता, मला मार्ग काढता येतात. काढला नाही. कळवलं असतं तर तू आली असतीस, मला खात्री आहे. पण मोडक्या बोटासाठी आलेली मुलगी मला नको होती. आजही नको. म्हणून पत्रांत बोट आळशी आहे असं लिहिलं. तू विचारलंस म्हणून सांगितलं, नाहीतर सांगितलं नसतं.

आता कामाचं. त्या उतरत्या धावेचं काय करायचं यावर माझा आणि मास्तरचा वाद आहे. तो म्हणतो, करंगळी सोडूनच द्या, मधल्या बोटापासून उतरा. मी म्हणते, अंगठा मधेच खालून काढावा, म्हणजे सूर गळणार नाही. दोघंही हटत नाही. त्याने असा हात कधी शिकवलेला नाही, आणि मला काहीच शिकवता येत नाही. तू बारा वर्षं शिकवतेस. तुझ्याकडे तऱ्हेतऱ्हेचे हात आले असतील.

ते पान सोबत पाठवते आहे. सुरांच्या वर मोकळी जागा आहे. कुठल्या सुरावर कुठलं बोट, पेन्सिलीने आकडे लिही. चारचा सोडून. बाकी पत्र लिहायची गरज नाही, खुशालीसुद्धा नको. नुसते आकडे.

तू लिहिशील तसं वाजवेन. एक शब्द न बोलता. हे मी मास्तरला कधी म्हटलेलं नाही, आणि तुझ्या बाबांना तर नाहीच नाही.

आई